चौकीदाराची मूर्च्छा

चतुराबाईंचे कान हिंगोलीत मशहूर होते. तारघरात तीस वर्षं कट-कड, कट-कड ऐकून ते असे तयार झाले होते, की गाडी स्टेशनात शिरण्याआधी बाई घरात बसून डबे मोजत आणि एखाद्या डब्यात शेळी असेल तर तेही सांगत. निदान उकंडराव तसं शपथेवर सांगायचे. उकंडराव म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. शेळी तिकिटाविना होती का, एवढंच त्यांना कळायचं राहून गेलं होतं.

रिटायर झाल्यावर बाईंकडे लोक हरवलेली माणसं, चोरीला गेलेले बैल आणि न उलगडलेली भांडणं घेऊन येऊ लागले. दारावर पाटी नव्हती. पाटी लावली तर चोरही वाचतात, असं बाईंचं म्हणणं.

दोन हजार पाचच्या मार्चमधला गुरुवार होता. सकाळचे अकरा वाजले होते.

“जीप थांबली,” डोळे मिटूनच बाई म्हणाल्या. “दोघं उतरले. एकाच्या हातात जड कायतरी हाय, अन् ते खाली ठेवायला तो भेऊन राहिला.”

उकंडरावांनी दाराबाहेर पाहिलं आणि त्यांचा चहा बशीतून धोतरावर आला. पाहुण्याच्या हातात घोंगडीत गुंडाळलेली दुनाळी बंदूक होती.

पाहुणे म्हणजे हट्टा गावचे माणिकराव. शंभर एकरांचे मालक, पण डोळे आठवडाभर न झोपलेल्या माणसाचे. मागे त्यांची सून पुनम, डोक्यावर पदर, खांद्याला पिशवी.

“बाई, माझ्या नातवाच्या जिवाचा सवाल हाय,” माणिकराव म्हणाले. “पाच वर्षांचं लेकरू हाय, रुद्र. त्याला उचलायच्या धमक्या येऊन राहिल्या. चोर मला ठावूक हाय. चार वाजता ठाण्यात जाऊन तिचं नाव देणार. पण पोरगा पुण्याहून फोनवर म्हणतो, आधी चतुराबाईला दाखवा.”

“तिचं? बाई हाय का चोर?”

“शिला. इथल्या नेट क्याफेत कामाला हाय. तांड्यावरची पोरगी. अजून काय सांगू?”

बाईंनी डोळे उघडले. त्या स्वतः सेनगावकडच्या तांड्यावर जन्मलेल्या. माणिकरावांना ते ठाऊक नव्हतं. बाईंनीही सांगितलं नाही.

“सारं बराबर सांगा. गाळू नका.”

माणिकरावांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायचा. बायको आणि लेकरू हट्ट्यातच. नातू आपल्या डोळ्यांसमोर वाढला पाहिजे, असा माणिकरावांचा हुकूम. धमक्या यायच्या त्या मुलाच्या ईमेलवर, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. मुलानं शोध घेतला. निरोप हिंगोलीतल्या देविदासच्या क्याफेतून निघत होते.

माणिकरावांनी तीन कागद पुढे केले. पहिल्यात होतं, ‘रुद्रला हट्ट्यातून हलवा.’ दुसऱ्यात, ‘तुम्ही ऐकलं नाही. रुद्र शाळेच्या हापशावर एकटा पाणी पितो.’ तिसऱ्यात, ‘शुक्रवारच्या आत पोरगं हट्ट्यातून बाहेर काढा. नंतर शोधत बसाल.’

“शुक्रवार म्हंजे उद्या,” उकंडराव पुटपुटले.

“हे कधी कधी आले?” बाईंनी विचारलं.

“पयला मागच्या मागल्या गुरवारी. दुसरा मागच्या गुरवारी. तिसरा ह्या सोमवारी. तिन्ही दुपारचे, साडेबाराच्या पुढं. मी दर सोमवारी-गुरवारी हळद विकायला इथं मोंढ्यात येतो. मी घरी नसतो तवाच ही धमकी येते, म्हंजे पाळत हाय बघा.”

“लेकरू आत्ता कुठंय?”

“कोठीच्या खोलीत. बाहेरून कुलूप. शाळा बंद. दारात आमचा गडी धर्मसिंग काठी घेऊन बसलाय, अन् रातच्याला मी बसतो ही घेऊन.” त्यांनी घोंगडीवर हात ठेवला. “काल अंधारात सावली हलली. मी घोडा दाबला. गोळी चौकटीत गेली.”

“अन् सावली?”

उत्तर पुनमनं दिलं, जमिनीकडे बघत. “सासूबाई होत्या. रुद्रसाठी दूध घेऊन चालल्या होत्या.”

उकंडरावांनी बंदुकीपासून आपली खुर्ची वीतभर सरकवली.

“पहिल्या धमकीनंतर काय केलं?”

“पोरानं एक सीडी धाडली पोस्टानं. त्यात चौकीदार नावाचा प्रोग्राम हाय म्हणे. क्याफेत बसवला की कोणत्या मशीनवरून कुठं काय जातं ते लिहून ठेवतो. हट्ट्याला पाकीट आलं, सूनबाईनं सोडवून घेतलं, अन् मागच्या सोमवारी मी सीडी आणून दिली. पण त्यानंतर दोनदा धमकी गेली अन् दोन्ही वेळा चौकीदार आधीच मरून पडला! त्या मशीनवर शिला बसते. दुसरं कोण मारणार?”

“पाकीट हाय?”

खाकी पाकीट पिशवीत होतं. पोस्टाच्या पिशव्यांत दबून त्याच्यावर आतल्या वस्तूंचे ठसे उमटले होते, एक गोल आणि त्याच्या शेजारी एक चौकोनी, पोस्टकार्डाहून लहान. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पाकीट परत दिलं.

“चला,” त्या उठल्या. “बंदूक जीपमध्ये ठेवता का?”

“न्हाई.”

“मग तोंड जमिनीकडं ठेवा तिचं.”

*

एसटी डेपोमागच्या गल्लीत, लांबट खोलीत देविदासचा क्याफे. उजव्या भिंतीला सहा मशीन, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं काढलेला आकडा. दारापाशी शिलाचं टेबल, त्यावर सातवी. खोलीच्या टोकाला फुलाफुलांचा पडदा. पुनम आत आली आणि नेहमीसारखी सरळ पडद्याआड गेली. कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

उंबऱ्याबाहेर एक म्हातारा उकिडवा बसला होता. शिलाचा बाप, उत्तमसिंग. सकाळपासून तो तिथून हलला नव्हता. माणिकरावांच्या हातातली घोंगडी पाहून त्यानं नजर वळवली नाही आणि तोंडही उघडलं नाही. आत शिला उभी होती. वीस-बावीस वर्षांची, ओठ पांढरे पडलेले.

“कालपासून जेवली न्हाई,” देविदास कुजबुजला. “बाई, ह्या मालकांना सांगा, माझा काय संबंध न्हाई. मी पोरगी पोलिसात द्यायला तयार हाय.”

“फार दिलदार हाय तुमी,” बाई म्हणाल्या. “रजिस्टर दाखवा.”

रजिस्टर चोख होतं. नाव, मशीन, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. तिन्ही दिवशी बारा ते तीनच्या रकान्यात एकही नाव नव्हतं.

“बारा वाजता लाईट जाते, तीनला येते,” देविदास म्हणाला. “तेवढा वेळ गिऱ्हाईक उठवून देतो. इन्व्हर्टरवर सहा मशीन कुठून चालणार? शिलाची तेवढी चालू राहते, फोनची लाईन तिच्यातून जाते म्हणून. मी जेवायला घरी जातो.”

“म्हंजे तवा क्याफेत कोण असतं?”

“शिला. दुसरं कोणी न्हाई.”

“बघा!” माणिकराव म्हणाले.

मागच्या दारातून जगन आला, हातात बॅटरीच्या पाण्याची बाटली. क्याफेच्या वायरी आणि इन्व्हर्टर तो बघायचा. बाईंनी त्याला विचारलं, “लाईट गेल्यावर तू असतोस का इथं?”

“गुरवारी असतो. सोमवारी यायचा होतो, पण सेनगावला मोटार बांधायला गेलो. संध्याकाळच्या एसटीनं आलो.”

“व्हय,” शिला हळूच म्हणाली. “सोमवारी बॅटरीत पाणी मीच घातलं.”

“वायरी कुठून जातात, दाखव.”

जगननं भिंतीवरचा करडा डबा दाखवला. “हा हब. साऱ्या मशीनच्या वायरी इथंच येतात. आठ तोंडं हायेत, आठही भरलेली. जिची मशीन चालू तिचा हिरवा दिवा लागतो.”

“आठ,” बाईंनी मान डोलावली.

बारा वाजले. पंखा मंदावला आणि थांबला. सहा पडदे एकदम काळे झाले. बसलेली चार पोरं न सांगता उठली, रजिस्टरमध्ये वेळ लिहून बाहेर पडली. खोलीत उकाडा दाटला. कोपऱ्यात इन्व्हर्टर गुणगुणू लागला.

उकंडराव हबच्या दिव्यांकडे लहान मुलासारखे बघत होते. “बाई, मजा हाय. सारे दिवे गेले, दोनच राहिले डोळे मिचकावत.”

“मोजत राहा,” बाई म्हणाल्या. मग शिलाकडे वळल्या. “तुझा चौकीदार काय करतो, मला कळंल असं सांग.”

शिलाचा आवाज कापत होता, पण काम सांगताना स्थिर झाला. “वायरीतून निरोप तुकड्या-तुकड्यांनी जातात. हा एकेक तुकडा उघडतो, वाचतो, त्याचा अर्थ लावतो अन् यादीत मांडतो. गेल्या गुरवारी साडेबाराला अचानक बंद पडला. आलेले सारे तुकडे तो एका फाईलीत ठेवत जातो. ती उघडली की परत बंद. दहा मिनिटं गेली त्याच्यात. तेवढ्यात धमकी गेली. सोमवारी तसंच झालं.”

“फाईल टाकून दिली?”

“न्हाई, दोन्ही ठेवल्यात. पण खराब हायेत. उघडली की चौकीदार मरतो.”

“तूच मारतेस!” माणिकरावांची घोंगडी हलली. बाहेर उत्तमसिंग उभा राहिला. “कोण हाय तुझ्यासंगं? बोल! लेकराला कुठं न्यायचं ठरवलंय?”

“मी काय न्हाई केलं, मालक. देवाशपथ न्हाई केलं.”

“शिला,” बाई शांतपणे म्हणाल्या, “टेबल सोड. बापाजवळ जाऊन उभी राहा. हात मला दिसू देत.”

शिला दारात गेली. खुर्ची रिकामी झाली. चौकीदाराच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. मिनिटभर सगळे ते बघत राहिले.

आणि ओळी थांबल्या. पडदा एकदा थरथरला. चौकीदार मेला.

देविदासनं भिंतीला पाठ लावली. “कोणी हात लावला न्हाई... बाई, कोणी हात लावला न्हाई!” जगनच्या हातातली बाटली पडून पाणी फरशीभर झालं. माणिकरावांनी घोंगडी सोडवली. बंदुकीच्या दोन्ही नळ्या खोलीत कुणाला तरी शोधत फिरल्या.

“खाली,” बाई म्हणाल्या. तारघरात याच आवाजात त्या मोठमोठ्या साहेबांना रांगेत उभं करायच्या. “आता कोणी बाहेर जाणार न्हाई. करणारा ह्याच खोलीत हाय.”

*

बाई शिलाच्या खुर्चीत बसल्या. उकंडरावांनी दार लोटलं, पण उत्तमसिंगला आत घेऊन.

“तारघरात मी इंग्रजी तारा घ्यायची,” बाईंनी सुरुवात केली. “तवा इंग्रजी मला येत नव्हतं. कट-कड ऐकायची अन् अक्षर मांडायची. कुणी मेलं, कुणाला लेक झाली, मला पत्ता नसायचा. म्हणून हात कधी कापला न्हाई. माझ्या शेजारच्या साहेबाला इंग्रजी यायचं. एकदा त्याच्याच भावाच्या मरणाची तार आली. चौथ्या शब्दाला तो खुर्चीवरून खाली पडला. तार अर्धी राहिली. ती मी पुरी केली.”

“त्याचा इथं काय संबंध?” देविदासनं विचारलं.

“हा चौकीदार त्या साहेबासारखा हाय. प्रत्येक तुकडा समजून घ्यायला जातो. कोणीतरी असा वाकडा तुकडा रचून पाठवतं की त्याचा अर्थ लावता लावता ह्याला मूर्च्छा येते. प्रोग्रामातच तेवढी कसर राहिलेली हाय. म्हणून फाईल उघडली की परत मरतो. फाईल खराब न्हाई, पोरी. तो परत परत तीच तार वाचतो. ज्या तुकड्यानं त्याला पाडलं, तो फाईलीत सर्वांत शेवटी हाय, अन् पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच्यावर हाय. फक्त न समजता वाचणारा पाहिजे. असा एखादा अडाणी प्रोग्राम हाय का तुझ्याकडं?”

शिलाच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. “हाय. जुना हाय, नुसते आकडे दाखवतो.”

“थांब. आधी बाकीचं. धमकी देणारा कायतरी मागतो. इथं एक पैसा मागितला न्हाई. मागणी एकच, रुद्र हट्ट्यात नको. हापशावरचं पाणी पिणं माहीत, म्हंजे लेकराला रोज बघणारं माणूस. दिवस कोणते? मालक म्हणतात, ते घरी नसतात तवा. पण ते दिवस मालक हिंगोलीत असण्याचे हायेत. त्यांच्या जीपमधून जो येतो, त्याचेही तेच दिवस.”

माणिकरावांच्या कपाळावर आठी उमटली.

“जगन न्हाई, सोमवारी तो सेनगावात होता. शिला न्हाई, आत्ता तिचे हात आपण सगळ्यांनी पाहिले. अन् हे आत्ताचं फार बोलकं हाय. मागं दोनदा चौकीदार धमकी लपवायला पाडला. आज मालक शिलावर बंदूक घेऊन उठले अन् शिला टेबलापासून लांब गेली, तवा पाडला. म्हंजे आज तो शिलाला सोडवायला पाडला. करणारा ऐकत होता, अन् त्याला ह्या पोरीची दया आली.”

“पण मशीन बंद होत्या सगळ्या!” देविदास म्हणाला.

“उकंडराव, दिवे किती?”

“दोन.”

“एक शिलाचा. दुसरा कुणाचा?”

उकंडरावांनी दिवे परत मोजले. बाईंनी शिलाला मान हलवून खूण केली. शिला पुढे आली आणि त्या जुन्या प्रोग्रामाच्या काळ्या खिडकीत तिनं सोमवारची फाईल उघडली. आकड्यांच्या रांगा भराभर धावल्या आणि थांबल्या. या वेळी काहीही मेलं नाही. शेवटच्या रांगांवर तिचं बोट फिरलं.

“हा पाठवणाऱ्याचा पत्ता. शेवटचा आकडा मशीनचा.” ती अडखळली. “आठ.”

“आठ आकड्याची मशीनच न्हाई माझ्याकडं!” देविदास ओरडला.

“हाय की,” जगन म्हणाला. “पडद्यामागं. लेडीजवाली. मीच वायर ओढली ना तिची.”

बाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

“बायकांची म्हणून तिच्यावर आकडा काढला न्हाई. बायका म्हणून त्यांचं नाव रजिस्टरात लिहीत न्हाई. भर उन्हात बायकांना रस्त्यावर कुठं काढायचं, म्हणून लाईट गेली तरी तेवढी इन्व्हर्टरवर चालू. अन् विचारलं की सगळे सांगतात, क्याफेत कोणी नव्हतं. शिला, तू का न्हाई बोललीस?”

“वहिनी होत्या, पुण्याला मेल लिहायला येतात तशा,” शिला खालच्या मानेनं म्हणाली. “पण त्यांच्याच लेकराला धमकी आलेली. त्यांचं नाव कशाला घेऊ? मला वाटलंच न्हाई.”

“सीडीच्या पाकिटात गोल ठसा हाय, तसा चौकोनीही हाय. फ्लॉपी. क्याफेत सीडीच पोचली. फ्लॉपी वाटेत राहिली. पाकीट कुणी सोडवून घेतलं, ते मालकांनी सांगितलंच हाय.”

फुलाफुलांचा पडदा सरकला. पुनम बाहेर आली. तिच्या हातात काळी फ्लॉपी होती. ती तिनं टेबलावर ठेवली, जपून, गरम भांडं ठेवावं तशी.

“चिठ्ठी होती सोबत,” ती म्हणाली. “ह्यांनी लिहिलं होतं, चौकीदार जुना हाय, अशा तुकड्यानं पडतो, फ्लॉपीनं एकदा तपासून बघा अन् पडला तर नवा मागवा. लग्नाआधी परभणीला मी कॉम्प्युटरच शिकले. तेवढं मला समजतं.”

“सूनबाई...” माणिकरावांच्या तोंडून एवढंच निघालं.

“मामंजी, मी तीनदा विचारलं. रुद्रला घेऊन पुण्याला जाऊ का? तुमी तिन्ही वेळा म्हणाले, बघू. हे तर तुमच्यापुढं बोलतच न्हाईत. धमकी दिली तर सारं घर उठून बसलं. मला वाटलं, भिऊन तरी पाठवाल. तुमी लेकराला कोंडलं. मग मी अजून भेडवलं, तर तुमी बंदूक काढली.” तिनं बंदुकीकडे पाहिलं. “काल ते दूध मीच नेणार होते. सासूबाईंनी माझ्या हातातून घेतलं.”

मग ती शिलाकडे वळली. शिला मागे सरली.

“सोमवारी तुमी मला अर्धा चहा दिला, वहिनी,” शिला म्हणाली. “त्याच्या आधी केलं का नंतर?”

पुनमची नजर टेबलावरच्या फ्लॉपीवर गेली.

माणिकरावांचं बोट अजून घोड्याशेजारी होतं. बाई खुर्चीतून उठल्या आणि अगदी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, नळ्यांच्या आणि पुनमच्या मधोमध.

“मालक, रुद्रला उचलणारा कोणी नव्हता. पण अंधारात त्याच्या दारावर गोळी झाडणारा एक हाय. शुक्रवारची धमकी खोटी होती. आज रातची खरी हाय. लेकरू तहानलं, दार वाजवलं, आजी उठली, सावली हलली. पुढं मी सांगू?”

माणिकराव बराच वेळ चौकटीकडे बघत राहिले. क्याफेच्या चौकटीत काही नव्हतं. त्यांना दुसरीच दिसत असावी. मग त्यांनी बंदूक मधोमध उघडली. दोन काडतुसं तळहातावर पडली. ती त्यांनी फ्लॉपीशेजारी ठेवली.

नंतर ते उत्तमसिंगपुढे गेले. शंभर एकरांच्या मालकाला तीन शब्द सापडायला मिनिट लागलं.

“माझी चूक झाली.”

उत्तमसिंगनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “माझ्याशी काहून बोलता? नाव तिचं देणार होते.”

माणिकराव वळले आणि शिलासमोर तेच शब्द परत म्हणाले. तिनं मान हलवली नाही, पण पडद्यावरची ती आकड्यांची काळी खिडकी बंद केली.

“ड्रायव्हर,” माणिकरावांनी बाहेर हाक मारली, “हट्ट्याला जा. धर्मसिंगकडून किल्ली घे, कुलूप काढ. रुद्रला अन् त्याच्या आजीला इथं घेऊन ये. कपड्यांची पेटी संगं.” मग सुनेकडे न बघता, “पुण्याच्या गाडीचं उद्याचं तिकीट काढा. त्याला म्हणावं, स्टेशनात घ्यायला ये.”

“मामंजी, तुमी...”

“मी बघू म्हणालो होतो. बघितलं.”

तीन वाजता लाईट आली. सहा पडदे उजळले, हबवर आठही दिवे लागले. देविदास रंगाचा डबा शोधू लागला. शिलानं रजिस्टर उघडून पुनमपुढे सरकवलं आणि पेन वर ठेवलं. तिचा चेहरा अजून कठीणच होता.

“लिहा वहिनी. नाव, मशीन, आल्याची वेळ.”

पुनमनं लिहिलं. नाव लिहिताना हात थांबला, कारण लग्नानंतर बाहेरच्या कुठल्या वहीत तिनं ते लिहिलंच नव्हतं. मशीन, आठ.

गेल्याच्या वेळेचा रकाना तिनं मोकळा ठेवला. पेन तसंच हातात धरून ती दाराकडे, जीप गेली त्या वाटेकडे, बघत बसली.